चोवीस तासांचा नमुना

धायरी, ९ मे २०२५

तनुजा,

फोनवर ब्लॉक, व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक, इन्स्टावर ब्लॉक. काल एक रुपया पाठवून त्याखाली दोन ओळी लिहाव्यात म्हणून यूपीआय उघडलं, तर तिथंही ब्लॉक. एवढा बंदोबस्त आमच्या बापूराव काकांनी रोडच्या प्लॉटला कुंपण घालतानासुद्धा केला नव्हता. म्हणून हा कागद. शालनच्या हाती देतोय. बहिणीला अ‍ॅडमिट केल्यापासून तू परत जिच्या खोलीत झोपायला जातेस, ती तुझी जुनी रूममेट म्हणाली, "देईन. पण आधी उघडून बघणार. शिव्या असतील तर परत घेऊन जायचं." बघ म्हणावं.

मंगळवारबद्दल माफी मागायला लिहीत नाहीये, आधीच सांगतो. हो, धरली मी त्या प्रज्ञेश ओव्हाळची कॉलर. लॅबमधल्या माणसानं लॅबमध्ये असावं. लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर, तुझ्यापासून दोन हातांवर, चहाचे दोन कप घेऊन तो कसली तपासणी करत होता? तू रडत होतीस आणि तो मान खाली घालून हळू आवाजात काहीतरी सांगत होता. मी जिन्यातून बघितलं आणि डोकं फिरलं. सिक्युरिटीवाला मला बखोटीला धरून बाहेर काढत होता तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "विश्वजीत, माझी बहीण आत सुजून पडलीये, तिच्या किडन्या चालल्यात, आणि तुला हे सुचतंय? पुन्हा तोंड दाखवू नकोस."

विश्वजीत. पूर्ण नाव. दोन वर्षांत पहिल्यांदा. नाहीतर विश्या.

बरं. आता मला एक सांग. तुझ्या कॉट बेसिसच्या खोलीत बारा वर्षांच्या मुलीला ठेवून घेईनात, तेव्हा धायरीत चुलत्याच्या बिल्डिंगमध्ये तुम्हा दोघींना खोली कुणी मिळवून दिली? दर गुरुवारी मुक्ताईला ओपीडीला कुणी नेलं? आणि चारचौघांत सांगता येणार नाही असं कामही केलं मी. पाच लिटरचा कॅन, त्यात तुझ्या बहिणीची चोवीस तासांची लघवी, अ‍ॅक्टिवावर दोन पायांत धरून, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून. कुठल्या प्रियकरानं असलं काही नेलंय? तुझा ओव्हाळ खिडकीमागं उभा राहून नुसता हात पुढं करतो.

आणि तोंड दाखवू नको, हे मला. तुझ्या आईनं मुक्ताईला एप्रिलच्या उन्हात हिरडा वेचायला नेलं. डॉक्टरांनी ऊन टाळा म्हणून बजावलं होतं. गोळ्या तरी वेळेवर दिल्या का, देव जाणे. तू स्वतःच तिला वॉर्डात म्हणालीस, "आई, तूच केलंस हे," आणि ती बाई पिशवी उचलून त्याच दिवशी यष्टीनं गावी निघून गेली. तू बरोबरच बोललीस. मग त्यात माझा काय गुन्हा?

मला एकच गोष्ट कळवायची होती. मी जळतो. आहे तसा आहे.

विश्वजीत (तूच म्हणालीस)

धायरी, १५ मे

तनू,

शालन सांगत होती की तू पत्र वाचलंस आणि उशीखाली ठेवलंस. मी खूश झालो तर लगेच म्हणाली, "उशीखाली म्हणजे प्रेमानं नाही. टेबलावर जागा नव्हती." तुमच्या खोलीत सगळ्या अशाच बोलता का?

खरं सांगू? सुरुवातीला माझा राग ओव्हाळवर नव्हताच. मुक्ताईवर होता.

मागच्या दिवाळीपर्यंत सगळं किती छान चाललं होतं. मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलेलं, घरी सांगितलेलं की स्पर्धा परीक्षा करतोय, आणि सदाशिव पेठेतल्या त्या अभ्यासिकेत दिवसभर तुझ्यासमोरची खुर्ची धरून बसलेलो. तू राज्यघटना वाचायचीस, मी तुला वाचायचो. संध्याकाळचा एक तास माझा. आणि मग दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेतून मुक्ताई आली. ताप, सांधे धरलेले, कंगव्यात केसांचे पुंजके, आणि दोन्ही गालांवर नाकावरून गेलेला काळपट पट्टा. त्या पट्ट्यासाठी शाळेतल्या बाईंनी तिला रोज साबणानं तोंड घासायला लावलं होतं. आठ महिने. गावच्या आरोग्य केंद्रात रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या आणि खरजेचं मलम.

इथल्या डॉक्टर मॅडमनी ल्युपस म्हणून सांगितलं. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते म्हणे. रात्री तू मोबाइलवर फोटो बघत बसलीस आणि मला म्हणालीस, "बघ ना विश्या, सगळ्या गोऱ्या पोरी. गोऱ्या गालांवर लाल फुलपाखरू. आमच्या कोळ्याच्या पोरीच्या गालावर लाल कुठून दिसणार? आमची पोरं किडनी सुजल्यावरच डॉक्टरांना दिसतात." मी तेव्हा काय म्हणालो आठवतं? म्हणालो, "उद्या सहाला भेटणार ना?"

तेव्हापासून तुझा प्रत्येक तास तिचा. तिची टोपी, तिची काळी छत्री, तिचं उन्हाचं क्रीम. गावाकडं बायका हसल्या म्हणालीस, "डोंगरातली पोर गोरी व्हाया निघाली." त्यांच्याशी भांडायला तुला वेळ होता. माझ्याशी भांडायलासुद्धा नव्हता. डिसेंबरात मला डेंग्यू झाला होता ना? नव्हता झाला. दोन दिवस पांघरुणात पडून राहिलो, तू येशील म्हणून. तू पपईची पानं पाठवलीस. मुक्ताईच्या हातून! ती पलंगाशी उभी राहून माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, तुला ताप न्हाय. तू माझ्यावर जळतोस." मी तिला चॉकलेट देऊन गप्प केलं. तिनं ते खाल्लं आणि वर म्हणाली, "ताईला सांगत न्हाय. पण रोज एक लागंल."

म्हणजे तिच्यावर माझा जीव नाही असं नाही. पण जळायचो. आजारी बारा वर्षांच्या पोरीवर.

आणि एक दिवस मात्र माझा होता. वीस फेब्रुवारी. लघवीतलं प्रोटीन तीन पूर्णांक दोनवरून एक पूर्णांक चारवर आलं होतं. मॅडम पहिल्यांदा हसल्या. गोळ्या कमी केल्या, मार्चात गावी न्यायला हरकत नाही म्हणाल्या. बाहेर पायऱ्यांवर बसून तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. सगळ्यांच्या देखत. चहा गार झाला तरी उचललं नाहीस. म्हणालीस, "विश्या, तू होतास म्हणून झालं हे."

त्या दिवसाबद्दल आणखी लिहायचं होतं. राहू दे.

विश्या

धायरी, २३ मे

तनू,

शालननं आज मला चांगलंच फैलावर घेतलं. मी सहज विचारलं, "ओव्हाळ येतो का गं रोज वॉर्डात?" तर रस्त्यातच थांबली. "तुला लाज आहे का? तुझ्या त्या तमाशानंतर तो तिकडं फिरकलाच नाहीये. तनू त्याची माफी मागायला लॅबच्या खिडकीशी दोनदा जाऊन परत आली, तिचं धाडस होत नाही. आणि तो चहा? दुसरा कप माझा होता, विश्वजीत. मी मुक्ताईजवळ आत बसले होते."

मी सतरा दिवस झोपलो नाही तो कप डोळ्यांसमोर ठेवून. आणि तो शालनचा.

तरीपण. तू जानेवारीत घरी येऊन त्याचं कौतुक केलं होतंस ते मी विसरलेलो नाही. चोवीस तास लघवी कशी जमा करायची हे त्यानं तुला कागदावर घड्याळ काढून समजावलं. सकाळची पहिली टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचा थेंब न् थेंब कॅनमध्ये. तू म्हणालीस, "किती शांतपणे सांगतात ते. दिवसा नोकरी करून बीएस्सी पूर्ण केली त्यांनी." पूर्ण केली, हे शब्द तू माझ्याकडं बघून म्हणालीस. नसशील बघितलं. मला तसं लागलं.

म्हणून तेरा फेब्रुवारीला कॅन न्यायची वेळ आली तेव्हा "मी पण येते" म्हणालीस तर मी तुला येऊ दिलं नाही. "तू मुक्ताईजवळ थांब, मी नेतो" म्हणालो. तुला वाटलं मी किती समजूतदार झालोय. मला फक्त तू त्या खिडकीशी उभी राहायला नको होतीस.

आणि आणखी एक. लॅबच्या फॉर्मवर संपर्काचा नंबर लिहायचा असतो. तू घरून चिठ्ठीवर तुझा नंबर लिहून दिला होतास. मी फॉर्मवर माझा लिहिला. त्याच्याकडं तुझा नंबर जाऊ नये म्हणून.

एवढंच. यात काही फार मोठं नाही. कुणीही असं केलं असतं.

मुक्ताईच्या पायांची सूज उतरली का? शालन नीट सांगत नाही.

विश्या

धायरी, ३० मे

तनुजा,

काल शालन भेटली. मी काही विचारलं नव्हतं, तीच सांगत होती. सोमवारपासून मुक्ताईला पुन्हा तेच जुनं औषध मोठ्या डोसात सुरू करणार. दुसरं एक कडक औषध आहे, पण मॅडम म्हणाल्या की फेब्रुवारीत याच औषधानं प्रोटीन निम्म्यावर आलं होतं, म्हणजे पोरीला हे लागू पडतं. मधे घरी गोळ्या चुकल्या आणि ऊन लागलं म्हणून बिघडलं. आता वेळ फार नाही, तीन आठवड्यांत किडनी सावरली नाही तर डायलिसिस. तू मान हलवलीस म्हणे, आणि म्हणालीस, "हो मॅडम, माझ्या आईचीच चूक झाली."

मी घरी येऊन जेवलो नाही. आई विचारून विचारून थकली. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. तीन फाडली.

फेब्रुवारीचा तो आकडा खोटा आहे.

तेरा तारखेला दांडेकर पुलाच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यानं मला दाबलं. माझ्या डोक्यात आधीच ओव्हाळ होता. मी गाडी स्टँडलाही न लावता उतरून त्याच्या अंगावर गेलो. मागं गाडी कलली, कॅन आडवा पडला, झाकण निघालं. मी शिव्या देत होतो आणि मागून एक बाई ओरडत होत्या, "अहो, तुमचं काहीतरी सांडतंय!" मी उचलला तेव्हा निम्म्याहून कमी उरलं होतं. तू कॅनवर काळ्या मार्करनं खूण केली होतीस, कुठपर्यंत भरलंय त्याची. मी टपरीवरून पाण्याची बाटली घेतली आणि तुझ्या खुणेपर्यंत भरलं.

लिहून झालं. आता पुढचं.

खिडकीवर ओव्हाळनं कॅन उजेडात धरला. "फिकट दिसतंय." मी म्हणालो, "पाणी खूप पिते ती." माझ्याच विनोदावर मनात हसलोसुद्धा. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, माझ्या नंबरवर, कारण तोच फॉर्मवर होता. म्हणाला, लघवीत एक घटक असतो, तो रोज ठरावीकच बाहेर पडतो, आणि या नमुन्यात तो फार कमी आलाय. म्हणजे एकतर पूर्ण जमा झालं नाही, नाहीतर पाणी गेलंय. "पुन्हा जमा करावं लागेल. ताईंना सांगाल ना?" तुला ताई म्हणाला. ताई म्हणून जवळ यायची ही आयडिया जुनी आहे, असं मला तेव्हा वाटलं. "सांगतो," म्हणालो. पुन्हा फोन आला, पुन्हा "सांगतो." रिपोर्ट घ्यायला गेलो तर पाकिटावर त्यानं लाल पेननं लिहिलं होतं, नमुना पुन्हा द्यावा. मी रिपोर्ट काढून घेतला आणि पाकीट लॅबच्या बाहेरच्या डब्यात टाकलं.

सांगणारच होतो. वीस तारखेला ओपीडीच्या बाहेर सांगणार होतो, देवाशप्पथ. पण तू आकडा बघितलास आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. तनू, दोन वर्षं मी त्यासाठी झुरत होतो. ते डोकं तिथून उचलायला लावायची ताकद माझ्यात नव्हती. त्या आकड्यावर मॅडमनी गोळ्या कमी केल्या. त्या आकड्यावर मुक्ताई गावी गेली.

आणि सहा मेची कॉलर. मी वॉर्डाशी आलो तेव्हा ओव्हाळ तुला म्हणत होता, "फेब्रुवारीत ते दुसरं सॅम्पल तुम्ही..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं होतं. सगळ्यांना वाटलं मी जळून धावलो. जळत होतोच. पण कॉलर धरली ती त्याचं वाक्य तोडायला.

तुझ्या आईवर मी पहिल्या पत्रात काय काय लिहिलंय ते खोड. नाही, खोडू नको. असू दे.

हे पत्र शालनकडं द्यायची हिंमत होत नाहीये. ती घडी उघडेल. आज शुक्रवार आहे.

विश्वजीत

कात्रज, १ जून, रविवार

तनुजा,

परवाचं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तुला दिलं तर तू वाचशील की न वाचता फाडशील, याची खात्री नव्हती. आणि औषध उद्या सुरू होणार. वॉर्डात मला सिक्युरिटी सोडत नाही. हे कागद डॉक्टरांच्या टेबलापर्यंत नेऊ शकेल असा एकच माणूस मला माहीत होता. तोच.

पत्ता शालनकडून काढला. ओव्हाळ दारात बसून कूलरची जाळी धूत होता. मला बघितल्यावर उठला नाही.

"आज कॉलर नाहीये," तो म्हणाला. बनियनवर होता.

मी त्याला पत्र दिलं. त्यानं हात पुसले, सगळं वाचलं, माझ्या खांद्यावरच्या डोक्यासकट. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. आतून त्याची आई विचारत होती, "कोण आलंय रे?" तर म्हणाला, "पेशंटचे नातेवाईक."

मग माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "हे तुमचं पत्र ताईंसाठी. डॉक्टरांसाठी वेगळं लिहा. भावना नकोत. तारीख, वेळ, किती सांडलं, किती पाणी घातलं."

"साधारण निम्मं."

"साधारण म्हणजे? बाटली लिटरची होती की अर्ध्या लिटरची?"

"लिटरची."

"किती उरली?"

"थोडीशी. ती मी प्यायलो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "ते लिहू नका."

मी लिहिलं. सही केली. फेब्रुवारीचा रिपोर्ट ग्राह्य धरू नये, हे वाक्य त्यानं सांगितलं, बाकी सगळं माझं. मग तो कागद पुन्हा एकदा वाचून म्हणाला, "मी दोनदा फोन केला आणि पाकिटावर लिहिलं. रिपोर्टवर लिहायला हवं होतं. तुम्ही नंबर बदललात हे मला माहीत नव्हतं, पण तिसऱ्यांदा मी फोन केला नाही. तेही खाली लिहा. मी सही करतो."

"तुमची नोकरी..."

"लिहा."

तनू, त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. मी सहा मेला त्याला सगळ्या स्टाफसमोर खाली बघायला लावलं होतं. सगळे म्हणत होते पोलिसांत तक्रार दे, त्यानं दिली नाही. आणि आता माझ्या कागदाखाली सही करत होता. असा माणूस समोर असताना तू माझ्याकडं कशाला बघशील? मी दारातून निघताना विचारलंच, "तुमचं तनुजावर प्रेम आहे का?"

चप्पल माझ्याकडं सरकवत म्हणाला, "असलं तर ते मी त्यांना सांगीन. तुम्हाला कशाला सांगू?"

तो आता मोटारसायकल काढून हॉस्पिटलला निघतोय. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन करून झालाय त्याचा. ही दोन पानं मी त्याच्या कट्ट्यावर बसून लिहिली, तो गाडी पुसेपर्यंत. ही पण त्याच्याच हातून येतील. माझं पत्र, त्याच्या हातून, तुझ्याकडं. याहून वाईट शिक्षा तुलाही सुचली नसती.

वि.

घोडेगाव, ४ जून

तनुजा,

हे पोस्टानं टाकतोय. शालननं कागद घ्यायला नकार दिला. म्हणाली, "आता तुझं काही मी हातात धरणार नाही." बरोबर आहे.

ओव्हाळचा सोमवारी मेसेज आला होता. तीनच ओळी. जुनं औषध सुरू केलं नाही. नवा नमुना घेतला, ताईंनी स्वतः आणून दिला. कडक औषध गुरुवारपासून, पुढचं सांगता येत नाही. मी विचारलं, माझं पत्र वाचल्यावर काय म्हणाली? त्याचं उत्तर आलं नाही.

काल तुझ्या गावी गेलो. डिंभ्याच्या धरणाला वळसा घालून यष्टी वर चढते तेव्हा लक्षात आलं की तू दर वेळी या रस्त्यानं येऊन-जाऊन करतेस, आणि मी एकदाही बरोबर आलो नव्हतो. तुझी आई अंगणात वाळलेला हिरडा पोत्यात भरत होती. मला ओळखलं. "खोलीवाला ना तू? मुक्ती कशी हाय?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. कॅन, पाणी, फोन, पाकीट. निम्मं त्यांना कळलं नसेल असं वाटलं. पण त्यांनी मधेच विचारलं, "म्हंजी ती बरी झालीच नव्हती? बरी नसतानाच गोळ्या कमी केल्या?"

"हो."

"आन् मी म्हनत हुते, माझ्या हातनं कुठं चुकलं."

त्या आत गेल्या आणि मला हाक मारली. चुलीजवळच्या मेढीच्या खांबाला सुतळी टांगली होती, आणि तिच्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं ओवलेली. वरपासून खालपर्यंत. "मला लिवाया येत न्हाय. पाकीट सरलं की ववायचं. पांढऱ्या गोळ्या इकडं, पिवळ्या तिकडं. तनू मला म्हनली गोळ्या दिल्या नसतील. मी म्हनलं, घरी यिऊन बघ. ती म्हनली, तुझं काय बघायचं." मी मोजलं नाही. बघूनच कळत होतं की एकही दिवस सुटलेला नाही.

मी म्हणालो, "मावशी, तुमची काही चूक नाही."

"हाय की. हिरड्याला दोन दीस नेली मी. घरात एकलीच बसून रडायची, म्हून नेली. छत्री दिली, पर तिनं झाडाखाली टाकली. त्यानं झालं का तुझ्यानं झालं?"

काय सांगू, तनू? ओव्हाळला सोमवारी रात्री फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की असं वेगळं काढून सांगता येत नाही. गोळ्या पुरेशा असत्या तर ऊन कदाचित निभावलं असतं. मी तेच सांगितलं. त्यांनी हलणारी सुतळी हातानं धरून थांबवली.

"कदाचित," त्या म्हणाल्या. "मंग दोघांचं."

मला बस म्हणाल्या नाहीत. पाणीसुद्धा विचारलं नाही. तुमच्या घरी वाटसरूलाही तांब्या देतात, हे तूच मला सांगितलं होतंस.

तेवढ्यात तुझा फोन आला. त्यांनी स्क्रीनवरचा तुझा फोटो ओळखला आणि मला हातानंच जा म्हणून खुणावलं. मी कुंपणाबाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. पत्र वाचून दोन दिवस झाले होते, म्हणजे तू माफी मागायलाच फोन केला असणार. शब्द नीट ऐकू येत नव्हते. आधी त्या नुसत्याच "हां, हां" करत होत्या. मग "रडू नगं, बाय" म्हणाल्या आणि स्वतःच रडायला लागल्या. मग एकदम "मुक्ते!" असं ओरडल्या, म्हणजे तू फोन तिच्या कानाला लावला असशील. आणि मग हसल्या. मुक्ताई काहीतरी आगाऊ बोलली असणार.

यष्टी येऊन उभी राहिली. कंडक्टरनं विचारलं, येणार का. मी नाही म्हणालो. मी त्या तिघींवर जळत होतो, तनुजा. ज्या बाईचं मी एवढं वाटोळं केलं, तिच्यावरही. माझं नाव निघतंय का, निदान एखाद्या शिवीत तरी, म्हणून फोन संपेपर्यंत कुंपणाला कान लावून उभा राहिलो.

नाही निघालं.

विश्वजीत